धागा: भिंतीलगतचा बुडबुडा. ध्वनीने पाण्याला वाहायला कसे लावले, त्याचा इतिहास

१/
सराफाच्या दुकानात काळवंडलेले मंगळसूत्र पाण्याच्या एका छोट्या टाकीत सोडले जाते. बटण दाबताच बारीक घरघर ऐकू येते आणि मण्यांच्या फटींतून मळाचे ढग बाहेर पडू लागतात. तिथे ना ब्रश असतो, ना घासणारा हात. हे काम करणारा मजूर म्हणजे ध्वनीच्या तालावर फुगणारा व आकसणारा, डोळ्यांना सहसा न दिसणारा बुडबुडा. भिंतीला चिकटलेला असा बुडबुडा आपल्याभोवती पाणी फिरवत ठेवतो, हे नीट समजायला सुमारे सव्वाशे वर्षे लागली. त्या सव्वाशे वर्षांचा आणि त्यानंतरच्या काळाचा हा धागा.

२/
मूळ प्रश्न साधा वाटतो, पण फसवा आहे. ध्वनी म्हणजे कंपन. जेवढे पुढे, तेवढेच मागे. झोक्यावर बसलेले मूल शंभर झोके घेते आणि तरीही अंगणाबाहेर जात नाही. मग ध्वनीने हलवलेली हवा किंवा पाणी एकाच दिशेने सतत वाहू कसे लागते? या प्रश्नाचे पहिले समाधानकारक उत्तर मिळाले ते पाण्यात नव्हे, तर कंप पावणाऱ्या एका पत्र्यावरील भुकटीत.

३/
अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मन संशोधक अर्न्स्ट क्लाड्नी धातूच्या पत्र्यावर वाळू पसरत असे आणि पत्र्याच्या कडेवरून व्हायोलिनचा गज ओढत असे. वाळू उडून पत्र्याच्या स्थिर रेषांवर, म्हणजे निस्पंद रेषांवर, जमे आणि सुंदर आकृत्या उमटत. मात्र एक अडचण होती. वाळूऐवजी अतिशय हलकी, बारीक भुकटी वापरली, तर ती नेमकी उलट वागे. पत्रा जिथे सर्वाधिक हलतो तिथेच तिचे ढीग साचत.

४/
फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फेलिक्स साव्हार याने या भुकटीच्या वागण्यावरून पत्र्यात आणखी एक, दुय्यम प्रकारचे कंपन असावे असा निष्कर्ष काढला. तर्क सुसंगत होता. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरली होती. भुकटी जे सांगते ते पत्र्याविषयीच सांगते, हे ते गृहीतक. मधल्या हवेचा विचार त्यात नव्हता.

५/
इ.स. १८३१ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडेने हे गृहीतक तपासले. त्याने पत्र्याभोवतालची हवा पंपाने काढून घेतली. निर्वातात ती हलकी भुकटी मुकाट्याने वाळूसारखी वागू लागली आणि निस्पंद रेषांकडे गेली. याचा अर्थ, तिला उलट दिशेने नेणारी शक्ती पत्र्यात नव्हती, हवेत होती. कंप पावणाऱ्या पृष्ठभागालगत हवेचे बारीक पण अखंड प्रवाह तयार होत होते. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात फॅरडेने विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. त्या शोधाच्या तेजात भुकटीचा हा प्रयोग झाकला गेला, यात नवल नाही.

६/
या प्रवाहाला गणित मिळायला आणखी अर्धे शतक जावे लागले. ध्वनीने भरलेल्या काचेच्या नळीतली हवा हळूहळू चक्राकार फिरते, असे निरीक्षण द्वोर्झाक या शास्त्रज्ञाने १८७६ मध्ये नोंदवले होते. १८८४ मध्ये लॉर्ड रॅले याने त्याचे कारण समीकरणांतून मांडले. कारणाचे नाव होते घर्षण, आणि त्याचे ठिकाण होते नळीची भिंत.

७/
ते असे समजून घेता येईल. भिंतीला अगदी चिकटून असलेला द्रव भिंतीसारखाच स्थिर राहतो. थोड्या अंतरावरचा द्रव मोकळेपणाने डोलतो. या दोहोंमध्ये एक पातळ पापुद्रा असतो, त्याला सीमास्तर म्हणतात. त्या पापुद्र्यात श्यानतेमुळे, म्हणजे द्रवाच्या चिकटपणामुळे, कंपनाची लय किंचित बिघडते. पुढचा झोका आणि मागचा झोका एकमेकांना पुरते खोडून काढत नाहीत. प्रत्येक फेरीत अगदी थोडी शिल्लक उरते, आणि सेकंदाला हजारो फेऱ्या झाल्या की त्या शिलकीचा प्रवाह होतो. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण इथे शब्दशः खरी ठरते.

८/
या कथेत बुडबुडा आला तो वेगळ्याच दाराने, आणि खलनायक म्हणून. १८९० च्या दशकात ब्रिटिश नौदलाला वेगवान विनाशिका हव्या होत्या. थॉर्निक्रॉफ्ट कंपनीने बांधलेल्या ‘डेअरिंग’ या नौकेच्या चाचण्यांत असे दिसले की इंजिनाची शक्ती वाढवली तरी वेग अपेक्षेप्रमाणे वाढत नाही. मळसूत्री पंखा इतक्या जोराने फिरत होता की त्याच्या पात्यांमागे पाणीच फाटत होते आणि पोकळ्या निर्माण होत होत्या. थॉर्निक्रॉफ्ट आणि बार्नबी यांनी १८९५ मध्ये ही हकिगत प्रसिद्ध केली. या घटनेला ‘कॅव्हिटेशन’ हे नाव आर. ई. फ्रूड याने सुचवले.

९/
याच संकटाला चार्ल्स पार्सन्सलाही तोंड द्यावे लागले. वाफेच्या टर्बाइनवर चालणारी त्याची ‘टर्बिनिया’ ही नौका पहिल्या चाचण्यांत निराशाजनक ठरली. पार्सन्सने एक छोटी बंद टाकी तयार केली, तीत पंख्याची लहान प्रतिकृती फिरवली आणि लुकलुकत्या प्रकाशात पोकळ्या जन्मताना पाहिल्या. मग त्याने एका पंख्याऐवजी तीन दांड्यांवर नऊ पंखे बसवले. २६ जून १८९७ रोजी, व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवानिमित्त स्पिटहेड येथे आरमाराचे संचलन चालू असताना, टर्बिनिया सर्वांना मागे टाकत युद्धनौकांच्या रांगांमधून धावली.

१०/
वेगाचा प्रश्न सुटला. झिजेचा सुटला नाही. मोठ्या जहाजांच्या कांस्य पंख्यांवर चाळणीसारखे खड्डे पडू लागले. पाण्यातला पोकळ बुडबुडा कठीण धातू कसा पोखरतो? पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश नौदलाशी संबंधित तज्ज्ञांनी हा प्रश्न हाती घेतला. १९१७ मध्ये त्याचे गणिती उत्तर देणारा पुन्हा तोच माणूस होता: लॉर्ड रॅले, वय वर्षे ७४.

११/
रॅलेने दाखवले की रिकामा गोल बुडबुडा चहूबाजूंनी पाणी आत कोसळून मिटतो, तेव्हा शेवटच्या क्षणी पाण्याची सारी गती एका बिंदूकडे एकवटते. मूळ त्रिज्येच्या विसाव्या हिश्शापर्यंत तो आकसला, तर लगतच्या पाण्यातील दाब वातावरणाच्या दाबाच्या हजारपटीहून अधिक होतो. गणित अचूक होते. पण त्याचा बुडबुडा अथांग पाण्यात एकटा होता आणि सर्व बाजूंनी सारखा मिटत होता. प्रत्यक्षातला बुडबुडा पंख्याच्या पात्यालगत मिटतो. म्हणजे ज्या भिंतीचे महत्त्व रॅलेने १८८४ मध्ये स्वतःच दाखवले होते, ती भिंत १९१७ च्या गणितात नव्हती.

१२/
ही उणीव भरून निघायला आणखी काही दशके गेली. भिंतीजवळचा बुडबुडा वेडावाकडा मिटतो आणि त्यामुळे पाण्याचा मारा होत असावा, असा तर्क १९४४ मध्ये कॉर्नफेल्ड आणि सुव्होरोव्ह या सोव्हिएत संशोधकांनी मांडला. नोदे आणि एलिस यांनी १९६१ मध्ये, तर बेंजामिन आणि एलिस यांनी १९६६ मध्ये या तर्काला प्रयोगाचा आधार दिला. भिंतीच्या बाजूने पाण्याला आत धावायला वाव कमी असतो. म्हणून बुडबुड्याची दूरची बाजू आधी आत खचते आणि पाण्याची एक सुई बुडबुड्याला भेदून थेट भिंतीवर आदळते.

१३/
इथे इतिहासाच्या अभ्यासकाने थोडे थांबावे. बुडबुड्याच्या या हिंसक रूपावर इतकी प्रतिभा आणि इतका पैसा खर्च झाला, कारण त्यामागे नौदले होती, जहाज कंपन्या होत्या, धरणांवरील टर्बाइने होती. बुडबुड्याचे दुसरे, सौम्य रूप म्हणजे न फुटता, भिंतीला धरून, ध्वनीच्या तालावर डोलत राहणे. त्याने कुणाचे जहाज अडवले नव्हते, म्हणून ते कुणाला तातडीचे वाटले नाही. विज्ञानात काय दिसते, हे पुष्कळदा कुणाचे काय अडले आहे यावर ठरते.

१४/
सौम्य रूपाकडे जाणारी वाटही युद्धातूनच निघाली. पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी पॉल लांजव्हँ हा फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ तूलाँच्या नाविक तळावर पाण्यात श्राव्यातीत ध्वनी, म्हणजे कानांना ऐकू न येणारा उच्च कंपनसंख्येचा ध्वनी, सोडत होता. त्या झोतात सापडलेले छोटे मासे मरत. हे दृश्य अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड याने पाहिले आणि ते त्याच्या मनात राहिले.

१५/
दशकभरानंतर वुडला एक श्रीमंत सहकारी मिळाला. आल्फ्रेड लूमिस हा वॉल स्ट्रीटवरील धनाढ्य गुंतवणूकदार होता आणि न्यूयॉर्कजवळच्या टक्सीडो पार्क येथे त्याची खासगी प्रयोगशाळा होती. १९२७ मध्ये या दोघांनी तीव्र श्राव्यातीत ध्वनीच्या परिणामांवर एक विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. त्यात मासे आणि बेडूक मरत होते, रक्तातील तांबड्या पेशी फुटत होत्या. पुढच्या वर्षी हार्वे आणि लूमिस यांनी सूक्ष्मदर्शकाखाली एलोडिया या पाणवनस्पतीची पाने ठेवली, तेव्हा पेशींच्या आतला जीवरस भोवऱ्यासारखा गरगरताना दिसला. पेशी फिरवणारा हात कोणाचा, हे मात्र तेव्हा स्पष्ट झाले नाही.

१६/
उत्तराचा एक तुकडा १९३३ मध्ये अनपेक्षित ठिकाणाहून आला. मार्सेल मिनार्ट हा मूळचा बेल्जियमचा, पण नेदरलंड्सच्या उट्रेख्ट येथे स्थिरावलेला खगोलशास्त्रज्ञ. वाहता ओढा खळखळतो का, असा बालसुलभ प्रश्न त्याला पडला. त्याने दाखवून दिले की तो स्वर पाण्यात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांचा असतो. आतली हवा स्प्रिंगसारखी आणि भोवतालचे पाणी वजनासारखे काम करते. म्हणून प्रत्येक बुडबुड्याला त्याच्या आकारानुसार स्वतःचा सूर असतो.

१७/
मिनार्टच्या सूत्रानुसार पाण्यातील १ मिलिमीटर त्रिज्येच्या बुडबुड्याचा सूर सेकंदाला सुमारे ३,२६० कंपनांचा असतो. बुडबुडा जितका लहान, तितका सूर उंच. काही मायक्रोमीटर त्रिज्येच्या बुडबुड्याचा सूर सेकंदाला दहा लाख कंपनांच्या आसपास पोहोचतो. आज दवाखान्यात सोनोग्राफीसाठी वापरला जाणारा ध्वनी याच पट्ट्यातला आहे. हा योगायोग पुढे वैद्यकाला मोलाचा ठरणार होता. ओढ्याची खळखळ आणि सोनोग्राफीचे यंत्र यांच्यामध्ये एकाच सूत्राचे अंतर आहे.

१८/
आता सारे तुकडे तयार होते: फॅरडेचा प्रवाह, रॅलेचा सीमास्तर, मिनार्टचा सूर. ते जोडले गेले १९५० च्या दशकात, अमेरिकेत. १९५६ मध्ये कोल्ब आणि वेस्ली नायबोर्ग यांनी ध्वनीमुळे द्रवात होणाऱ्या अतिसूक्ष्म प्रवाहांवर निबंध लिहिला. १९५९ मध्ये सॅम्युएल एल्डर याने घन पृष्ठभागावर बसवलेला एकच बुडबुडा घेऊन त्याच्याभोवतीच्या प्रवाहाचा बारकाईने अभ्यास केला. त्याच्या निबंधाच्या शीर्षकाने या घटनेला रूढ नाव दिले: ‘कॅव्हिटेशन मायक्रोस्ट्रीमिंग’. मराठीत त्याला ‘बुडबुड्याभोवतीचा सूक्ष्मप्रवाह’ म्हणता येईल.

१९/
एल्डरचे महत्त्व हे की त्याने गर्दीतून एक बुडबुडा वेगळा काढला. हजारो बुडबुड्यांच्या गदारोळात काहीच नीट दिसत नाही. एकाच्या भोवती मात्र सुबक, स्थिर भोवरे दिसतात. द्रव किती घट्ट आहे आणि बुडबुडा किती जोराने डोलतो, यानुसार भोवऱ्यांची घडण बदलते आणि अशा चार निरनिराळ्या अवस्था एल्डरने ओळखल्या. बुडबुडा तिथेच राहतो, भिंत तिथेच राहते. फक्त पाणी फिरत राहते.

२०/
हा प्रवाह इतका प्रभावी का, ते आकड्यांतून कळते. सेकंदाला २०,००० कंपनांच्या ध्वनीसाठी पाण्यातील सीमास्तर सुमारे ४ मायक्रोमीटर जाडीचा असतो. दहा लाख कंपनांसाठी तो अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास येतो. माणसाचा केस याच्या कितीतरी पट जाड असतो. एवढ्याशा जागेत द्रवाचा वेग शून्यापासून पूर्ण वेगापर्यंत चढतो. म्हणून प्रवाह मंद असला तरी पृष्ठभागावर बसणारी ओढ जबरदस्त असते. तळहात एकमेकांवर घासताना त्वचेला जी ओढ जाणवते, तिला कर्तन म्हणतात. दागिन्यावरचा मळ अशाच कर्तनाने सुटू लागतो.

२१/
मळ सुटतो, तशी पेशीही सुटते आणि फाटते. ह्यूज आणि नायबोर्ग यांनी १९६२ मध्ये श्राव्यातीत ध्वनीमुळे होणाऱ्या पेशीभंगाचा संबंध बुडबुड्यांशी जोडला. १९७० मध्ये जेम्स रूनी याने तो एका बुडबुड्यापर्यंत आणून सिद्ध केला. रक्तपेशींच्या द्रावणात एकच बुडबुडा सेकंदाला सुमारे २०,००० वेळा डोलत ठेवला. त्याचा झोका एका मर्यादेत असेपर्यंत पेशी शाबूत होत्या. ती ओलांडताच त्या फुटू लागल्या. बुडबुडा फुटला नव्हता आणि पाण्याची सुईही सुटली नव्हती. केवळ प्रवाहाच्या ओढीने पेशी फाटल्या होत्या. वुड आणि लूमिस यांच्या फुटलेल्या रक्तपेशींमागे असेही एक कारण असू शकते, हे ४३ वर्षांनी दिसले.

२२/
एलोडियाचे कोडेही याच सुमारास उलगडू लागले. नायबोर्ग तेव्हा व्हरमाँट विद्यापीठात होता. १९७० च्या दशकात तिथल्या संशोधकांनी दाखवले की या पानांत पेशींच्या मधोमध वायूने भरलेल्या बारीक नलिका असतात आणि ध्वनी पडला की त्या बुडबुड्यांप्रमाणे डोलतात. १९२८ मध्ये भोवरा दिसला होता. तो फिरवू शकणारा वायू पानातच दडलेला होता.

२३/
दरम्यान वैद्यकाला बुडबुडा अपघातानेच भेटला. १९६८ मध्ये रेमंड ग्रेमियाक आणि प्रवीण शहा या डॉक्टरांनी हृदयाच्या सोनोग्राफीविषयी एक निरीक्षण प्रसिद्ध केले. नळीतून रंगद्रव टोचताच पडद्यावर प्रतिध्वनींचा दाट ढग उमटत असे. तो ढग टोचताना तयार झालेल्या बारीक बुडबुड्यांचा असल्याचे पुढे स्पष्ट झाले. यातूनच टिकाऊ कवच असलेले कृत्रिम सूक्ष्मबुडबुडे बनवण्याची कल्पना रुजली. ते तांबड्या रक्तपेशीएवढे किंवा त्याहून लहान असल्याने केशवाहिन्यांतूनही जाऊ शकतात. अशा ‘अल्ब्युनेक्स’ या औषधाला अमेरिकेत १९९४ मध्ये मान्यता मिळाली.

२४/
आता मात्र प्रश्न केवळ कुतूहलाचा राहिला नाही. ज्या बुडबुड्याने काचपात्रात रक्तपेशी फाडल्या, तोच रुग्णाच्या रक्तवाहिनीत सोडला जात होता, आणि रक्तवाहिनीलाही भिंत असते. २००७ मध्ये काही गंभीर घटनांनंतर अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने या औषधांवर सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा छापायला लावला. हृदयरोगतज्ज्ञांनी त्यावर आक्षेप घेतला, कारण अत्यवस्थ रुग्णांचे मृत्यू बुडबुड्यांमुळेच झाले असे ठामपणे म्हणता येत नव्हते आणि निदानाचे साधन मात्र हातून जात होते. २००८ मध्ये निर्बंध सैल करण्यात आले. धोका आहे की नाही, हा खरा प्रश्न नव्हता. किती ध्वनीला किती धोका, हा होता. रूनीच्या प्रयोगातील ‘मर्यादा’ हा शब्द आता रुग्णाच्या खाटेपाशी येऊन पोहोचला होता.

२५/
२००३ मध्ये फिलिप मार्मोतां आणि साशा हिल्गेनफेल्ड यांनी या मर्यादेच्या अलीकडे राहून काय साधता येते ते दाखवले. भिंतीवर बसलेला एक सूक्ष्मबुडबुडा त्यांनी सौम्य ध्वनीने डोलवला. त्याच्या प्रवाहात पेशीपटलासारखेच आवरण असलेल्या मेदाच्या पोकळ गोळ्या आपोआप ओढल्या गेल्या, बुडबुड्याजवळ ताणल्या गेल्या आणि फाटल्या. ध्वनीची तीव्रता बदलून हा परिणाम आटोक्यात ठेवता येत होता. म्हणजे पेशीचे कवच नियंत्रित रीतीने उघडता येईल आणि औषध आत पोहोचवता येईल, अशी शक्यता समोर आली.

२६/
सर्वांत बिकट भिंत मेंदूपाशी आहे. मेंदूतील रक्तवाहिन्यांचे अस्तर इतके घट्ट असते की बहुतेक औषधे ते ओलांडू शकत नाहीत. २००१ मध्ये कुलेर्वो ह्यूनिनेन आणि सहकाऱ्यांनी सशांमध्ये सूक्ष्मबुडबुडे व केंद्रित ध्वनी वापरून हे अस्तर ठरावीक जागी, तात्पुरते उघडून दाखवले. २०१५ मध्ये टोरोंटो येथे मेंदूत गाठ असलेल्या रुग्णावर कवटी न उघडता हाच उपाय प्रथम करण्यात आला. अस्तर नेमके उघडते कशाने, प्रवाहाच्या कर्तनाने की बुडबुड्याच्या थेट ढकलण्या-ओढण्याने, यावर संशोधकांत अद्याप पूर्ण एकमत नाही.

२७/
साव्हारची चूक इथे आठवते. त्याने भुकटी पाहिली, पत्रा पाहिला. मधली हवा पाहिली नाही. जहाजबांधणी करणाऱ्यांनी पोकळी पाहिली, खड्डा पाहिला. न फुटणारा बुडबुडा पाहिला नाही. दोन ठळक गोष्टींच्या मधोमध जे मंदपणे वाहत असते, ते दिसायला वेळ लागतो. एकाच बुडबुड्याने कांस्य पोखरले, रक्तपेशी फाडल्या, मंगळसूत्र उजळले आणि मेंदूचे बंद दार किलकिले केले. बुडबुडा बदललेला नाही; त्याला किती जोराने डोलवायचे, हे माणूस हळूहळू शिकतो आहे.

(धागा समाप्त)